दूध बंद केल्याने हंगामी शिंका थांबतात का?

(विशेष प्रतिनिधी)

थंडी ओसरू लागली, की शिंका, वाहते नाक आणि खाजणारे डोळे घेऊन येणाऱ्या रुग्णांची दवाखान्यांत गर्दी होते. ‘दूध-दही बंद करा, आपोआप बरे वाटेल’ हा सल्ला त्यांना घरीदारी ऐकावा लागतो. या सल्ल्याला शास्त्रीय आधार किती आणि तो पाळण्याची किंमत काय, याचा हा आढावा.

माघ सरून फाल्गुन लागला, की पहाटेचा गारवा आणि दुपारचे ऊन यांच्या कात्रीत शहरी माणूस सापडतो. सकाळी उठल्याबरोबर ओळीने दहा-बारा शिंका, दिवसभर हातात रुमाल आणि रात्री चोंदलेले नाक, असा अनेकांचा दिनक्रम होतो. पावसाळा संपताना, भाद्रपद-आश्विनात, हाच अनुभव पुन्हा येतो. अशा वेळी सल्ल्यांची कमतरता नसते. त्यांतील सर्वांत जुना आणि सर्वांत ठामपणे दिला जाणारा सल्ला दुधासंबंधी असतो. घरातील वडीलधारी मंडळी दही बंद करतात, कार्यालयातील सहकारी चहातील दुधावर बोट ठेवतात आणि अलीकडे त्यात आहारविषयक चित्रफिती व ‘डेअरी-फ्री’ जीवनशैलीच्या प्रचाराची भर पडली आहे. काहींना त्याने बरे वाटते, काहींना काडीचाही फरक पडत नाही. तरीही सल्ला मात्र कायम आहे.

वरवर पाहता हा प्रश्न किरकोळ वाटेल. महिनाभर दूध प्यायले नाही तर काय बिघडले, असे कोणीही म्हणेल. परंतु भारत हा जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश आहे. २०२३-२४ या वर्षात देशात सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दुधाचे उत्पादन झाले, तर दरडोई दैनंदिन उपलब्धता ४७१ ग्रॅम होती. शाकाहारी कुटुंबांच्या आहारात प्राणिज पोषणाचा जवळपास एकमेव मार्ग म्हणजे दूध आणि दुधाचे पदार्थ. हा मार्ग बंद करायचा असेल, तर त्याचे कारणही तेवढेच भक्कम असायला हवे. शिवाय दूध सोडून बरे वाटण्याची वाट पाहण्यात जो काळ जातो, त्या काळात मूळ आजार बळावत असेल, तर हानी दुहेरी होते.

शिंक येते ती कशामुळे?

हंगामी ॲलर्जीचे स्वरूप समजावून घेतल्याशिवाय दुधाची बाजू वा विरोधी बाजू तपासता येणार नाही. जॉन बोस्टॉक या ब्रिटिश डॉक्टरने १८१९ मध्ये स्वतःलाच दर उन्हाळ्यात होणाऱ्या या त्रासाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून गवताचे परागकण हेच या त्रासाचे कारण असल्याचे दाखवून दिले. त्यांचा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ॲलर्जी’ हा शब्द मात्र त्यानंतर, १९०६ मध्ये, क्लेमेन्स फॉन पिरके यांनी रूढ केला.

या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा निरुपद्रवी कणाला शत्रू समजते. परागकण, बुरशीचे बीजाणू किंवा धुळीतील सूक्ष्म किड्यांचे अवशेष नाकात गेले, की त्यांच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार होतात आणि ती नाकाच्या अस्तरातील ‘मास्ट’ पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच कण आत आला, की या पेशी फुटून हिस्टामिनसारखी द्रव्ये बाहेर टाकतात. शिंका, खाज, पाण्यासारखे वाहणारे नाक आणि डोळ्यांची लाली हा सारा त्याचाच परिणाम होय. या साखळीची सुरुवात श्वासावाटे आत जाणाऱ्या कणापासून होते. पोटात गेलेल्या दुधाचा तिच्याशी थेट संबंध येत नाही. परागाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुधातील प्रथिनांना ओळखत नाहीत.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर गाजरगवताचा उल्लेख टाळता येत नाही. मूळच्या अमेरिका खंडातील या तणाची भारतातील पहिली ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘काँग्रेस गवत’ या नावाने ते लोकांच्या तोंडी बसले आणि काही दशकांत देशभर पसरले. मोकळे भूखंड, रेल्वेमार्गाच्या कडा, अर्धवट बांधकामे येथे पावसाळ्यात आणि त्यानंतर ते जोमाने फुलते. त्याचा पराग नाकाला आणि त्याचा स्पर्श त्वचेला त्रासदायक ठरतो. वसंतात बहरणाऱ्या पळस, पांगारा, काटेसावर यांच्या लालभडक फुलांवर लोकांचा संशय जातो. पण त्यांचे परागीभवन प्रामुख्याने पक्ष्यांकरवी होते. खरा त्रास वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या, डोळ्यांत न भरणाऱ्या गवतांचा आणि झाडांचा असतो. मुंबईसारख्या दमट शहरात तर गाद्या, उशा व पडद्यांत वाढणारे धुळीतील सूक्ष्म किडे आणि भिंतींवरील बुरशी यांचा वाटा मोठा. हे किडे वर्षभर असतात; हवा बदलली की त्यांचा त्रास उफाळतो आणि रुग्णाला तो ‘सीझनल’ वाटतो.

समजूत कोठून आली?

दूध आणि कफ यांची सांगड केवळ आपल्याकडे घातली गेली आहे, असे नाही. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वास्तव्य असलेले ज्यू वैद्य व तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी दम्यावरील आपल्या ग्रंथात दुधाविषयी सावधगिरीची सूचना केली होती. विसाव्या शतकात लाखो पाश्चात्त्य मातांनी प्रमाण मानलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरील पुस्तकानेही सर्दीत दुग्धजन्य पदार्थांमुळे कफाचा त्रास वाढू शकतो, असे सांगितले. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातील बालश्वसनविकारतज्ज्ञ इयन बाल्फर-लिन यांनी २०१८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात या समजुतीचा समाचार घेतला, तेव्हा त्यांनी या दोन्ही दाखल्यांचा उल्लेख केला होता.

आपल्याकडे या समजुतीला आयुर्वेदाचे अधिष्ठान आहे. थंडीत साचलेला कफ वसंतातील उन्हाने पातळ होऊन त्रास देतो, म्हणून या ऋतूत जड, स्निग्ध, आंबट व गोड पदार्थ कमी करावेत, असे ऋतुचर्येत सांगितले आहे. चरकसंहितेने तर शरद, ग्रीष्म आणि वसंत या ऋतूंत दही बहुधा निषिद्धच मानले आहे. तरी ऐन वसंतात, गुढीपाडव्याला, मराठी घरांत श्रीखंडाची वाटी ताटात असतेच. एवढेच नव्हे, ज्या घरात सर्दी झाल्याबरोबर दही-ताक बंद होते, त्याच घरात रात्री झोपताना हळद घातलेले गरम दूध दिले जाते. परंपरेतही दूध, दही व ताक यांचा विचार वेगवेगळा केलेला आहे आणि माणसाची प्रकृती, ऋतू व वेळ यांनुसार तो बदलतो. ‘डेअरी’ हा सरसकट शब्द आणि सरसकट बंदी ही आधुनिक आयात आहे. दुसरे असे, की आयुर्वेदातील कफ हा एक दोष आहे. त्याची व्याप्ती नाकातोंडातून पडणाऱ्या शेंबडापुरती किंवा बेडक्यापुरती मर्यादित नाही. दोन्ही संकल्पना एकच समजून एका शास्त्राचा सल्ला दुसऱ्या शास्त्रातील आजारावर लावला, की गोंधळ अटळ ठरतो.

प्रयोगशाळेच्या कसोटीवर

या समजुतीची कसोटी पाहण्याचे प्रयत्न गेल्या चार दशकांत झाले आहेत. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे झालेला आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग त्यांत सर्वाधिक उद्धृत केला जातो. ६० निरोगी स्वयंसेवकांना सर्दीच्या विषाणूची लागण करून त्यांच्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्यात आले. कोणी दिवसाला एक थेंबही दूध घेत नव्हते, तर कोणी अकरा पेले रिचवत होते. नाक पुसलेले कागदी रुमाल गोळा करून त्यांचे वजन करण्यात आले. दुधाचे प्रमाण आणि स्रावाचे वजन यांत कोणताही संबंध आढळला नाही. मात्र ‘दुधाने कफ होतो’ असे ज्यांचे आधीपासून मत होते, त्यांनी खोकला व नाक चोंदल्याची तक्रार अधिक केली. त्यांचा स्राव इतरांपेक्षा जास्त नव्हता.

त्याच संशोधकांनी पुढे १९९३ मध्ये गाईचे दूध आणि चवीला तसेच लागणारे सोयाबीनचे पेय यांची तुलना केली. कोणाला काय दिले, हे पिणाऱ्यांना ठाऊक नव्हते. घशाला काहीतरी चिकटल्यासारखे वाटणे, लाळ दाट होणे, गिळताना जाणवणारा जडपणा या संवेदना सोयाबीनचे पेय पिणाऱ्यांनीही सांगितल्या. याचा अर्थ असा, की दूध प्यायल्यावर घसा जड वाटतो हा अनुभव खोटा नाही. तो स्निग्ध व दाट द्रवाचा गुण आहे. दुधातील स्निग्धांशाचे सूक्ष्म थेंब लाळेत मिसळले, की एक दाटसर थर काही काळ जिभेवर व घशात राहतो. तो नवा कफ नसतो. पाण्याच्या दोन घोटांनी तो निघून जातो.

दम्याच्या रुग्णांवरही अशा चाचण्या झाल्या. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातच प्रौढ दमेकऱ्यांच्या एका लहान गटाला दूध आणि दुधासारखे भासणारे पेय आळीपाळीने देण्यात आले. दुधामुळे श्वासनलिका आकुंचन पावतात, असे त्यात दिसून आले नाही.

चित्राची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २००४ मधील एका प्राथमिक प्रयोगात दमा असलेल्या २२ मुलांपैकी काहींची अंडी व दूध आठ आठवडे बंद करण्यात आले आणि त्यांच्या श्वसनक्षमतेत सुधारणा नोंदवली गेली. मात्र मुलांची संख्या अत्यल्प होती आणि दोन पदार्थ एकाच वेळी बंद केल्याने श्रेय कोणाला द्यायचे, हा प्रश्न उरला. त्याहून लक्षणीय आहे ती इंग्लंडमधील चाचणी. नाकामागून घशात सतत कफ उतरत असल्याची तक्रार असलेल्या १०८ व्यक्तींना दुग्धविरहित आहारावर ठेवून त्यांपैकी काहींना नकळत गाईचे दूध, तर काहींना सोयाबीनचे पेय देण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार दूध न मिळालेल्या गटाने कफ कमी झाल्याचे सांगितले. दुधाच्या विरोधातील हा आजवरचा सर्वांत दखलपात्र पुरावा म्हणता येईल. पण त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. चाचणीचा काळ अवघ्या काही दिवसांचा होता, कफाचे मोजमाप रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेले होते आणि मुख्य म्हणजे ती घशातील कफाच्या तक्रारीसंबंधी होती, परागामुळे येणाऱ्या शिंकांसंबंधी नव्हे.

या साऱ्याचा मेळ घातला, तर निष्कर्ष असा निघतो : घशातील दाटपणाची भावना काही लोकांत दूध टाळल्याने कमी होऊ शकते. परागकणांनी पेटवलेली ॲलर्जी त्याने विझते, याला आधार सापडत नाही. नाकाच्या ॲलर्जीसंबंधी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २००१ पासून वेळोवेळी प्रसिद्ध केलेल्या ‘आरिया’ या मार्गदर्शक तत्त्वांच्या उपचारक्रमातही दूध बंद करण्याला स्थान नाही.

तरीही बरे का वाटते?

‘मी दूध सोडले आणि पंधरा दिवसांत नाक मोकळे झाले’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. पण त्यांच्या अनुभवाचा अर्थ लावताना तीन गोष्टी विसरल्या जातात. पहिली म्हणजे काळ. माणूस पथ्य सुरू करतो, ते त्रास टोकाला गेल्यावर. टोकाला गेलेला त्रास कधी ना कधी उतरतोच. हंगामी ॲलर्जीत तर हंगामच सरतो. पराग सोडणारे झाड वा गवत काही आठवड्यांनी शांत होते. श्रेय मात्र त्या काळात जे पथ्य चालू असेल त्याच्या खात्यावर जमा होते.

दुसरी गोष्ट म्हणजे पथ्य एकटे येत नाही. दूध सोडणारा बहुधा आइस्क्रीम, मिठाई, रात्रीचे जड जेवण आणि बाहेरचे खाणेही कमी करतो. सोबत वाफ घेतो, कोमट पाणी पितो, कधी गोळीही घेतो. रात्रीचे जड, तेलकट जेवण कमी झाल्याने छातीतील जळजळ व आम्लपित्त आटोक्यात आले, तर घशाची खवखव आणि सारखे खाकरणे थांबू शकते. तेथेही श्रेय दुधाच्या त्यागालाच मिळते.

तिसरी गोष्ट म्हणजे अपेक्षा. ॲडलेडच्या प्रयोगाने दाखवल्याप्रमाणे, आपण काय मानतो यावर आपल्याला काय जाणवते हे काही अंशी ठरते. नाक चोंदण्याची भावना ही मोजून सांगता येण्याजोगी गोष्ट नसते.

दुधाची खरी ॲलर्जी

दुधाची ॲलर्जी अस्तित्वातच नाही, असा याचा अर्थ काढणेही तितकेच चुकीचे ठरेल. ती प्रामुख्याने तान्ह्या व लहान मुलांत आढळते. पाश्चात्त्य देशांतील अंदाजांनुसार पहिल्या वर्षात शंभरातील दोन ते तीन मुलांना ती असते आणि बहुतेकांत ती वाढत्या वयाबरोबर जाते. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या, जुलाब, क्वचित जिवावर बेतणारी तीव्र प्रतिक्रिया ही तिची लक्षणे आहेत. त्यांच्या जोडीला नाक वाहणे किंवा धाप लागणे शक्य असते. पण अन्य कोणतेही लक्षण नसताना केवळ शिंका व सर्दी हे दुधाच्या ॲलर्जीचे रूप क्वचितच असते. ती वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच डोके वर काढत नाही, हा फरक ओळखण्यास सोपा आहे. जो माणूस बाराही महिने दूध पितो आणि फक्त फाल्गुनात किंवा भाद्रपदात शिंकतो, त्याने शत्रू हवेत शोधावा.

दूध न पचणे हा आणखी वेगळा प्रकार. दुधातील साखर पचवणारे विकर मोठेपणी कमी झाल्याने पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. भारतात हे सर्रास आढळते. पण हा पोटाचा विषय असून त्याचा नाकाशी संबंध नाही. अशा माणसांना दही-ताक पुष्कळदा सोसतेही.

पराग आणि अन्न यांचा खराखुरा संबंध असलेला एक प्रकार आहे, पण त्यात आरोपी फळे व भाज्या आहेत. काही परागांतील आणि काही कच्च्या फळांतील प्रथिने इतकी सारखी असतात, की परागाची ॲलर्जी असलेल्याने ते फळ खाल्ले, की तोंड व घसा खाजू लागतो. युरोपात भूर्ज वृक्षाचा पराग आणि सफरचंद ही जोडी प्रसिद्ध आहे. दूध या यादीत नाही.

या संभ्रमात बाजारानेही भर घातली आहे. ‘ए-वन’ आणि ‘ए-टू’ दुधाचा वाद त्यांपैकी एक. एका प्रकारच्या दुधातून पचनावेळी सुटणारा एक लहानसा प्रथिनांश शरीरात कफाची निर्मिती वाढवत असावा, अशी कल्पना २०१० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात मांडण्यात आली होती. ती गृहीतक म्हणूनच मांडली गेली होती. विक्रेत्यांनी मात्र तिला सिद्धांताचा दर्जा दिला. भारतीय वंशाच्या गाई व म्हशी यांचे दूध बहुतांशी ‘ए-टू’ प्रकारचेच असते. तेव्हा हे गृहीतक खरे मानले, तरी म्हशीच्या दुधावर वाढलेल्या महाराष्ट्रातील घरांत कफाची तक्रार असायलाच नको होती. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये वेष्टनांवरील असे दावे काढून टाकण्याचा आदेश दिला आणि काही दिवसांतच तो मागेही घेतला. ग्राहकाचा गोंधळ त्यामुळे अधिकच वाढला.

दुसरा प्रकार ‘फूड इनटॉलरन्स’ तपासण्यांचा. रक्ताच्या एका नमुन्यावरून शे-दीडशे पदार्थांची यादी देणाऱ्या या महागड्या तपासण्या बहुधा ‘आयजीजी’ नावाच्या प्रतिपिंडांवर आधारलेल्या असतात. ही प्रतिपिंडे आपण जे नेहमी खातो त्याविरुद्ध निरोगी माणसातही सापडतात. ती आजाराची खूण नसून त्या अन्नाशी झालेल्या ओळखीची खूण आहे. युरोपीय ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच निदानासाठी अशा तपासण्या करू नयेत, असे स्पष्ट केले होते. रोज दूध पिणाऱ्याच्या अहवालात दुधापुढे लाल खूण आली, तर त्यात नवल नाही.

गोठ्यातून आलेला उलटा पुरावा

दूध ॲलर्जी वाढवते असे मानणाऱ्यांना कोड्यात टाकणारा पुरावा युरोपातील खेड्यांतून आला आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील हजारो शाळकरी मुलांच्या पाहणीत, गोठ्यातले न तापवलेले दूध पिणाऱ्या मुलांत दमा आणि परागज्वराचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दूध तापवल्यावर हा संबंध दिसेनासा झाला. दुधातील मठ्ठ्याच्या अंशातील, उष्णतेने नष्ट होणारी प्रथिने यामागे असावीत, असा तर्क आहे.

म्हणून कच्चे दूध प्यावे, असे मुळीच नाही. कच्च्या दुधातून क्षय, ब्रुसेलोसिस यांसारखे आजार पसरतात आणि आपल्याकडील दूध तापवण्याची पद्धत ही सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने शहाणपणाचीच आहे. शिवाय गोठ्याशेजारी वाढणाऱ्या मुलाच्या आयुष्यात दुधाखेरीज माती, जनावरे, जंतू असे बरेच काही असते. या अभ्यासाचे महत्त्व एवढेच, की दुधाला ॲलर्जीचा सरसकट आरोपी ठरवणे किती उथळ आहे, हे त्यातून कळते.

त्यागाची किंमत

आता प्रश्न उरतो तो नुकसानीचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची गरज असते. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ते साधारण १२० मिलिग्रॅम असते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तर तिळात हजाराहून अधिक मिळते. म्हणजे नियोजन केले तर कॅल्शियमची भरपाई अशक्य नाही. पण दूध सोडणाऱ्या किती घरांत नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी रोजच्या ताटात येते? दुधाऐवजी आलेले बदामाचे किंवा ओटचे पेय मुद्दाम कॅल्शियम घातलेले नसेल, तर ते रंगापुरतेच दूध असते.

खरी अडचण ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची आहे. ते वनस्पतिज अन्नातून मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ६७ टक्के जणांत या जीवनसत्त्वाची पातळी कमी आढळली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शाकाहार आणि शहरी मध्यमवर्गीय राहणी यांचा या कमतरतेशी संबंध दिसून आला. नेमका हाच वर्ग आज दूध सोडण्याच्या सल्ल्याचा मुख्य ग्राहक आहे. हातापायांना मुंग्या येणे, थकवा, स्मरणशक्तीवरील परिणाम ही या कमतरतेची लक्षणे सावकाश, कळत-नकळत येतात. शिंका थांबवण्यासाठी केलेल्या उपायातून ही व्याधी ओढवली, हे रुग्णाच्या ध्यानीही येत नाही. वाढत्या वयाची मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या बाबतीत तर वैद्यकीय सल्ल्याविना दूध तोडणे निखालस धोक्याचे.

दुसरी किंमत वेळेची. नाकाची ॲलर्जी आणि दमा हे एकाच श्वसनमार्गाचे विकार आहेत. नाकाकडे दुर्लक्ष झालेल्या रुग्णांत दमा आटोक्यात ठेवणे कठीण जाते. मुलांत तोंडाने श्वास घेणे, अपुरी झोप, अभ्यासात लक्ष न लागणे असे परिणाम दिसतात. वर्षानुवर्षे पथ्यांत रमलेले कुटुंब तज्ज्ञाकडे पोहोचते, तोवर मूल रात्री धापा टाकू लागलेले असते.

उपाय कोठे आहे?

वास्तविक या आजारावर उपाय उपलब्ध आहेत आणि त्यांतील बरेचसे सामान्यांच्या आवाक्यातील आहेत. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा हा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो. स्टेरॉइड या शब्दाला लोक घाबरतात, पण फवाऱ्यातील मात्रा अत्यल्प असून ती नाकापुरती काम करते. त्याचा पूर्ण गुण येण्यास काही दिवस लागतात. म्हणून त्रासाचा हंगाम ठाऊक असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने तो आधीच सुरू करावा आणि नियमित घ्यावा. हिस्टामिनविरोधी नव्या पिढीच्या गोळ्यांनी जुन्या गोळ्यांइतकी झोप येत नाही. मात्र चोंदलेले नाक क्षणात उघडणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरले, तर नाक उलट अधिकच चोंदू लागते, हे औषधाच्या दुकानातून परस्पर बाटली आणणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवे.

मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुण्याची आपली जलनेती आधुनिक वैद्यकालाही मान्य आहे. पाणी उकळून गार केलेले असावे, एवढीच अट. त्रास जुनाट असेल, तर त्वचाचाचणीने नेमका कण शोधून त्याच्या वाढत्या मात्रा देण्याची उपचारपद्धती आहे. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये तिचा पाया घातला. ती तीन ते पाच वर्षे चिकाटीने घ्यावी लागते, पण आजाराच्या मुळावर काम करते.

वैयक्तिक उपायांइतकीच सार्वजनिक उपायांचीही गरज आहे. कोणत्या महिन्यात कोणता पराग हवेत असतो, हे सांगणारे परागदर्शक चंदीगडसाठी २०२२ मध्ये तेथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या पुढाकाराने तयार झाले. गाजरगवताचे माहेरघर ठरलेल्या पुण्याला आणि दमट मुंबईला अशा दर्शकाची गरज चंदीगडहून कमी नाही. फुलावर येण्यापूर्वी गाजरगवत उपटणे हे महापालिकांचे काम आहे. ते झाले, तर दूध सोडण्याच्या कैक पथ्यांपेक्षा अधिक नाके मोकळी होतील.

एवढे असूनही कोणा प्रौढाला दूध सोडून पाहायचेच असेल, तर ते डोळसपणे करावे. आधी आठवडाभर रोजच्या त्रासाला दहापैकी गुण देऊन वहीत नोंद करावी. मग दोन-तीन आठवडे दूध पूर्ण बंद ठेवावे, त्या काळात औषधे व अन्य आहार बदलू नये आणि हंगाम संपण्यापूर्वीच दूध पुन्हा सुरू करून फरक पडतो का, ते पाहावे. पुन्हा सुरू केल्यावर त्रास वाढला नाही, तर दुधाची निर्दोष मुक्तता करावी. पूर्वी दुधाने गांधी किंवा सूज आलेल्यांनी आणि लहान मुलांच्या बाबतीत मात्र हा प्रयोग घरी करू नये.

दुधाला अमृत मानणे आणि दुधाला विष मानणे ही दोन्ही टोके आपल्या समाजात एकाच वेळी नांदत आहेत. ॲलर्जीच्या रुग्णाला त्यांपैकी कोणतेच उपयोगी नाही. त्याला हवे आहे ते वेळेवर झालेले अचूक निदान. ते दुधाच्या पातेल्यात सापडणारे नाही. पेला बाजूला सारण्यापूर्वी खिडकीबाहेरच्या मोकळ्या भूखंडावर काय फुलले आहे आणि उशीची खोळ शेवटची कधी धुतली, हे पाहिलेले बरे.